अठराव्या वाढदिवसाआधीची चार वर्षं : विशेष शाळेच्या मोठ्या गटात नव्याने येणाऱ्या शिक्षक-पालकांसाठी

विशेष शाळेतलं मूल अठरा वर्षांचं झालं की एकाच दिवशी बरंच काही बदलतं. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये मोफत शिक्षणाचा जो हक्क आहे तो ६ ते १८ या वयाचा आहे, तो संपतो. आईवडील कायद्याने त्याचे नैसर्गिक पालक राहत नाहीत. बँकेत, दवाखान्यात 'पेशंटची सही कुठे?' असं विचारायला सुरुवात होते. घरात मात्र सकाळी तोच भांग आई पाडत असते आणि तोच डबा आई भरत असते. या दोन्हींमधलं अंतर कमी करणं हे शाळेच्या पूर्वव्यावसायिक गटाचं काम, आणि ते सतराव्या वर्षी सुरू करून भागत नाही. चौदाव्याला सुरू करा.

नाशिकमध्ये हे काम नवं नाही; रजनी लिमये यांनी १९७७ मध्ये प्रबोधिनी सुरू केली तेव्हापासून शहरात बौद्धिक अक्षम मुलांच्या शिक्षणाची वाट आहे. नव्या पालकांचा एक गैरसमज मात्र आधी दूर करायला हवा. अनुदानित विशेष शाळा आणि अठरानंतरची कार्यशाळा (जिथे मोठी झालेली मुलं काम शिकतात आणि करतात) एकाच आवारात भरत असली तरी ती दोन वेगळी युनिटं असतात. शाळेच्या पटावरचं नाव आपोआप कार्यशाळेत जात नाही. प्रवेश वेगळा घ्यावा लागतो आणि जागा मोजक्या असतात. मुलगा सोळाचा झाला की कार्यशाळेच्या यादीत नाव लावून ठेवा.

आधी नीट मोजा

शाळेत आल्यावर एमडीपीएस किंवा एफएसीपीसारखी मूल्यमापन सूची भरली जाते. एमडीपीएसमध्ये १८ क्षेत्रं आणि प्रत्येकात २० बाबी, म्हणजे एकूण ३६० नोंदी असतात. ती मन लावून भरा, पण तिच्यावरच थांबू नका. सूचीत 'आंघोळ करतो' याला एक खूण मिळते. प्रत्यक्षात गीझर कोण लावतो, विसण कोण घालतं, पाठीला साबण कोण लावतं आणि 'झालं, आता बाहेर ये' असं कोण सांगतं, हे त्या खुणेत दिसत नाही. आई म्हणते 'करतो', शिक्षक म्हणतात 'करत नाही', आणि दोघंही खरं बोलत असतात.

म्हणून प्रत्येक कामापुढे फक्त 'येतं' किंवा 'येत नाही' लिहू नका. मदत किती लागते ते लिहा. सोपी खूणगाठ अशी: 'स्व' म्हणजे स्वतः करतो; 'खू' म्हणजे नुसती खूण केली की करतो; 'सां' म्हणजे सांगितल्यावर; 'दा' म्हणजे करून दाखवल्यावर; 'हा' म्हणजे हात धरून; 'दु' म्हणजे दुसराच करतो. आठवडाभर घरी आणि शाळेत दोन्हीकडे हीच पट्टी वापरा. तीन महिन्यांनी 'हा' वरून 'सां' वर आलं, तर ती खरी प्रगती. प्रगतिपुस्तकात 'समाधानकारक' लिहिल्याने कुणाला काही कळत नाही.

मग निवड. एका वेळी चार-पाच उद्दिष्टांपलीकडे जाऊ नका. निवडताना एकच प्रश्न विचारा: हे याला आलं नाही, तर पंचविसाव्या वर्षी ते दुसऱ्या कुणाला तरी करावं लागेल का? संडासनंतरची स्वच्छता, दाढी, पाळीतलं पॅड बदलणं, दाराला कडी लावणं, फोन उचलून 'हॅलो, कोण?' म्हणणं यांचं उत्तर 'हो' येतं. शंभरपर्यंतचे आकडे तोंडपाठ म्हणणं, मोर रंगवणं यांचं उत्तर 'नाही' येतं. पालकांना लिहिण्या-वाचण्याची ओढ असते आणि ती समजण्यासारखी आहे. पण या वयात वाचनाचा अर्थ 'पुरुष', 'महिला', 'धोका', 'ढकला', 'बंद' हे शब्द, स्वतःचं नाव आणि बसच्या पाटीवरचं ठिकाण ओळखणं. लिहिण्याचा अर्थ एक ठरलेली सही, जी प्रत्येक वेळी सारखीच येते. बँकेला तीच हवी असते.

काम शिकवणं : पाकिटाचं उदाहरण

राज्यात २०१८ मध्ये प्लास्टिक पिशव्यांवर बंदी आली तेव्हापासून कागदी पाकिटांना गिऱ्हाईक आहे. कटलरी, स्टेशनरी, औषधांची दुकानं ती घेतात. वर्तमानपत्राचं पाकीट खाण्याच्या वस्तूंसाठी देऊ नका, शाई अन्नाला लागते आणि तसं करायला मनाई आहे. हे काम शिकवताना जे साधतं आणि जे बिघडतं, तेच पुढे द्रोण, फाईल, पायपुसणी, पॅकिंग अशा कुठल्याही कामात भेटतं. म्हणून ते जरा सविस्तर.

कामाचे तुकडे पाडा: कागद साच्यावर ठेवणं, डावी कडा मधल्या रेषेपर्यंत दुमडणं, उजवी कडा तिच्यावर बोटभर चढवणं, चढलेल्या भागाला खळ लावणं, दाबणं, खालची कडा दोन बोटं वर दुमडणं, तिला खळ, पुन्हा दाबणं, वाळत घालणं. नऊ तुकडे झाले. एखाद्याला सात पुरतात, एखाद्याला 'दुमडणं' याचेच तीन करावे लागतात. मुलगा जिथे अडतो तिथे आणखी फोडा, बाकी तसंच राहू द्या.

बहुतेकांना उलट्या क्रमाने शिकवणं सोपं जातं. आठ पायऱ्या तुम्ही करून द्या, शेवटची वाळत घालण्याची त्याला करू द्या. ती पक्की झाली की शेवटच्या दोन, मग तीन. पहिल्या दिवसापासून त्याच्या हातून पाकीट पुरं होतं, काम अर्धवट सोडायची सवय लागत नाही.

साचा पुठ्ठ्याचा नको, ओला होऊन महिन्यात वाकतो. तीन मिलीमीटरची प्लायची पट्टी पाकिटाच्या मापाची कापून घ्या, दुमड तिच्याभोवती आपोआप सरळ येते. खळ १०० ग्रॅम मैदा आणि साधारण अर्धा लिटर पाणी अशी शिजवा आणि रोज ताजी करा. उन्हाळ्यात ती दुसऱ्या दिवशी आंबते. टिकावी म्हणून मोरचूद घालायची जुनी पद्धत आहे, ती इथे अजिबात नको. मुलं बोटं तोंडात घालतात. ब्रश रुंद असला तर खळ जास्त लागते आणि वाळल्यावर दहा पाकिटांचा एक गठ्ठा होतो. अर्धा इंच ब्रश द्या आणि वाटीच्या काठावर तो एकदा पुसायचा ही स्वतंत्र पायरी धरा. मोजता येत नसेल तर दहा चौकोन आखलेली फळी द्या: सगळे चौकोन भरले की गठ्ठ्याला एक रबर. पंचवीसचा गठ्ठा हवा असेल तर फळीच पंचवीसची करा.

सगळ्यात जास्त बिघडतं ते शिक्षकाच्या बोलण्याने. 'आता दुमड... हं, शाब्बास... आता खळ लाव...' असं सतत चालू राहिलं की मुलगा कागदाकडे पाहत नाही, आवाजाची वाट पाहतो. सुटीवर गेलात की काम ठप्प. म्हणून तोंडी मदत सगळ्यात आधी कमी करा. तिच्या जागी बोटाची खूण, मग टेबलावर पायऱ्यांच्या फोटोंची पट्टी, मग तीही बाजूला. मदत देऊन झाल्यावर ती काढून कशी घ्यायची हे आराखड्यात लिहिलेलं नसेल, तर आराखडा अर्धा आहे. आणि प्रदर्शनाच्या आदल्या रात्री पणत्यांवरचे फराटे शिक्षकांनी स्वतः 'नीट' करण्याचा मोह टाळा. खपतात त्या शिक्षकांच्या पणत्या, आणि मुलाला काय जमतं हे पालकांना कळतच नाही.

वस्तू किती झाल्या यापेक्षा काम करण्याची सवय महत्त्वाची. सुरुवातीला वीस मिनिटं सलग बसणं, वर्षाअखेर पाऊण तास, अठरापर्यंत मधल्या सुटीसह चार तास. जागेवरून उठायचं तर विचारून उठणं. कच्चा माल संपला की 'संपलं' म्हणून सांगणं. ही शेवटची गोष्ट मुद्दाम शिकवावी लागते: एखाद दिवशी कागद कमी ठेवा आणि काही न बोलता थांबा.

बस

सिटीलिंकच्या, म्हणजे शहर बससेवेच्या, बसने एकट्याने येणं-जाणं ज्यांना जमेल, त्यांना ते शिकवायलाच हवं. रिक्षाचा मासिक खर्च आणि वडिलांची अर्धी रजा दोन्ही वाचतात. वर्गात खुर्च्या मांडून बस-बस खेळून हे येत नाही. ज्या थांब्यावरून रोज जायचं आहे, त्याच थांब्यावर शिकवा.

पहिल्या टप्प्यात शेजारी बसा. मग मागच्या बाकावर. मग त्याच बसमध्ये, पण अनोळखी असल्यासारखे. मग दुचाकीवरून बसच्या मागे. शेवटी फक्त फोन: पोचल्यावर त्याने करायचा. सलग तीन दिवस चूक झाली नाही की पुढचा टप्पा, चूक झाली तर एक टप्पा मागे. घाई केली की एकच वाईट प्रसंग घडतो आणि घरचे कायमची बस बंद करतात.

चुका ठरलेल्या असतात. रस्त्याच्या उलट बाजूच्या थांब्यावर उभं राहणं. एकापाठोपाठ दोन बस आल्या की पहिलीत चढणं. वाहकाने 'कुठं?' विचारलं की गप्प राहणं. यासाठी एकच शब्द, थांब्याचं नाव, घरी रोज घोटून घ्या, बोलता येत नसेल तर कार्ड दाखवायला शिकवा. परतीचा प्रवास हे वेगळं कौशल्य आहे, जाता येतं म्हणून येता येईल असं धरू नका. खिशातल्या कार्डावर नाव, उतरायचा थांबा आणि एक फोन नंबर पुरे, घराचा पूर्ण पत्ता लिहू नका.

नाशिकमध्ये रस्ते बदलतात हे गृहीत धरा. विसर्जनाला, रंगपंचमीला, आणि आता सिंहस्थाच्या कामांमुळे बस नेहमीच्या वळणाने जाईलच असं नाही. म्हणून एकदा तरी मुद्दाम पुढच्या थांब्यावर उतरा आणि 'हरवलो' चा सराव करा: जागचं हलायचं नाही, गणवेशातल्या माणसाला किंवा दुकानदाराला कार्ड दाखवायचं, फोन करायचा. एसटी आणि रेल्वेतही दिव्यांगांना सवलत आहे आणि ठरावीक अटींवर सोबतच्या माणसालाही. ओळखपत्र मूळचं जवळ ठेवा, झेरॉक्सवरून वाद होतो.

पैसे

बेरीज-वजाबाकी न येणाऱ्यालाही खरेदी करता येते. 'एक नोट जास्त' ही रीत वापरा. खिशात फक्त दहाच्या नोटा ठेवायच्या. वस्तू ३७ रुपयांची असेल तर तीन नोटा मोजायच्या आणि वर एक द्यायची. दहापर्यंत मोजता आलं की शंभराच्या आतली खरेदी होते. सरावाला खऱ्या नोटा आणि खरं दुकान हवं, खेळण्यातल्या नोटांवर शिकलेलं बाजारात उपयोगी पडत नाही. सुट्ट्याऐवजी चॉकलेट हातावर ठेवण्याची दुकानदारांची सवय आहे. 'पैसे द्या' असं म्हणून हात पुढेच ठेवायचा, हाही धडाच.

मोबाईलवरून पैसे देणं काहींना नोटांपेक्षा सोपं जातं. तसं असेल तर वेगळं खातं, त्यात आठवड्यापुरतीच रक्कम, आणि पिन कुणाला सांगायचा नाही हा नियम. तो पाळला जातो का हे अनोळखी माणसाकडून पिन विचारायला लावून तपासा, कारण ही मुलं मोठ्या माणसाला सहसा नाही म्हणत नाहीत.

शरीर, खाजगीपणा, सुरक्षितता

हा भाग पालक सभेत कुणी काढत नाही, आणि तक्रारी मात्र इथूनच येतात. वयात आलेल्या मुलाने वर्गात कपड्यात हात घातला तर ओरडून उपयोग नाही. कुठे चालतं आणि कुठे नाही एवढंच सांगा: दार बंद करून स्वतःच्या खोलीत किंवा बाथरूममध्ये, बाकी कुठेही नाही. खोली वेगळी नसलेल्या घरात 'बंद दार' म्हणजे काय हे घरच्यांशी बसून ठरवा. घरात एक, शाळेत दुसरं असं झालं की मूल गोंधळतं.

पॅड बदलण्याचा सराव पाळी नसतानाही करून घ्या. लाल रंग लावलेलं पॅड, कागदात गुंडाळणं, डब्यात टाकणं, हात धुणं. पाळी चालू असताना पहिल्यांदा शिकवायला गेलं की दोघीही वैतागतात.

अवयवांची खरी नावं शिकवा. कुणी हात लावला तर मुलीला सांगता आलं पाहिजे, आणि सांगितलेलं समोरच्याला कळलं पाहिजे. आणि मोठ्यांनी स्वतःला एक शिस्त लावावी: सतरा वर्षांच्या मुलाचे गालगुच्चे घेणं, त्याला मांडीवर बसवणं, 'बाळा' म्हणणं बंद. भेटल्यावर नमस्कार किंवा हस्तांदोलन. कुणाच्याही गळ्यात पडायचं नाही हे तो शिकेल कसं, जर पाहुणे येऊन त्यालाच कवटाळत असतील?

फिट येणाऱ्या मुलांसाठी सात खणांची गोळ्यांची डबी आणि एक नियम: सकाळची राहिली म्हणून रात्री दोन घ्यायच्या नाहीत, घरच्यांना विचारायचं.

कारखाना किंवा दुकान बघताना

सातपूर, अंबड, सिन्नरकडे पॅकिंग, सुटे भाग वेगळे करणं, कँटीन, साफसफाई अशी कामं असतात. मुलाला नेण्याआधी शिक्षकाने तिथे एक पाळी काढावी. किती वाजता आवाज वाढतो, स्वच्छतागृह किती लांब आहे आणि त्याची कडी कशी आहे, चहाची सुटी घंटेने होते की नुसती सगळे उठतात म्हणून, सुपरवायझर नीट बोलतो का. साप्ताहिक सुटी रविवारीच असते असं धरू नका. बसच्या पहिल्या फेरीची वेळ आणि पाळीची वेळ जुळते का ते बघा. काम उत्तम जमूनही केवळ या कारणाने नोकऱ्या सुटतात.

पहिला आठवडा शिक्षक पूर्णवेळ सोबत, दुसरा अर्धा दिवस, मग दिवसाआड, मग आठवड्यातून एकदा, आणि त्यानंतर वर्षभर महिन्याला एक चक्कर. ही शेवटची चक्कर बहुतेक शाळा गाळतात. पहिला महिना सगळं छान चालतं, तिसऱ्या-चौथ्या महिन्यात सुपरवायझर बदलतो, नव्याला काहीच सांगितलेलं नसतं आणि मुलगा घरी येऊन बसतो. म्हणून शेजारी काम करणारा एक साथीदार पहिल्याच आठवड्यात हेरून ठेवा. अडचणीला तो साहेबांपेक्षा उपयोगी पडतो.

काम इतर कामगारांइतकं होत असेल तर पगारही तोच मागा. 'बिचारा, त्याचा वेळ जातोय' या भावनेवर दिलेलं काम पहिल्या मंदीत जातं. सरकारी नोकऱ्यांत बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता, मानसिक आजार इत्यादींसाठी मिळून १ टक्का जागा राखीव आहेत, पण पदाची शैक्षणिक पात्रता लागतेच. तिच्या भरवशावर बाकीची तयारी थांबवू नका.

कागदपत्रं

पंधराव्या वर्षी आधारचे ठसे नव्याने द्यावे लागतात, ते करून टाका; राहिलं की पुढे बँकेत ठसा जुळत नाही. यूडीआयडी कार्डाचा (दिव्यांगांच्या ओळखपत्राचा) अर्ज ऑनलाइन होतो आणि तपासणी जिल्हा शासकीय रुग्णालयात. बहुतेक योजनांना ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व लागतं. कार्डावर मुदत लिहिलेली असेल तर ती संपण्याच्या सहा महिने आधी हालचाल करा. स्वमग्न मुलांना तपासणीच्या रांगेत तासन् तास बसवणं अवघड जातं. सोबत दोघं जा, एक रांगेत, एक मुलाबरोबर बाहेर.

अठरानंतरच्या पालकत्वासाठी राष्ट्रीय न्यास अधिनियम, १९९९ खाली अर्ज होतो. तो स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांच्यासाठी आहे. निर्णय स्थानिक स्तर समिती घेते, जिल्हाधिकारी तिचे अध्यक्ष असतात. म्हणजे फेऱ्या सीबीएसजवळच्या जिल्हाधिकारी कार्यालयात. दिव्यांगत्वाचा दाखला, वयाचा पुरावा, अर्जदाराशी असलेलं नातं, फोटो आणि आईवडील हयात असतील तर त्यांची संमती जोडावी लागते. नेमणूक झाल्यावर सहा महिन्यांत मुलाच्या मालमत्तेची यादी समितीला द्यायची असते, हे अनेकांना ठाऊकच नसतं. भावाला किंवा बहिणीला पालक नेमायचं असेल तर त्यांच्या जोडीदारालाही आधी विश्वासात घ्या. पण प्रत्येकालाच पूर्ण पालक लागत नाही. ज्याला थोडं समजावलं की स्वतःचं ठरवता येतं, त्याच्यासाठी २०१६ च्या कायद्यात ठरावीक बाबीपुरत्या मर्यादित पालकत्वाची सोय आहे.

या चार प्रकारच्या मुलांना 'निरामय' आरोग्य विम्यात वर्षाला १ लाख रुपयांपर्यंत संरक्षण मिळतं. नूतनीकरण दरवर्षी करावं लागतं. संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज तहसीलमध्ये, तिथे कुटुंबाच्या उत्पन्नाची अट आहे. महापालिकेने दिव्यांगांसाठी ५ टक्के निधी राखायचा असतो. शरणपूर रस्त्यावर राजीव गांधी भवनात त्याखाली यंदा काय चालू आहे ते विचारा. वडील किंवा आई सरकारी नोकरीत असतील तर निवृत्तीआधीच पेन्शनच्या कागदांत मुलाचं नाव दिव्यांग अपत्य म्हणून नोंदवा. त्यांच्या माघारी ते करायला गेलेल्या नातेवाइकांची फार परवड होते. आणि मतदार यादी: बौद्धिक अक्षमता आहे म्हणून नाव वगळलं जात नाही, त्यासाठी न्यायालयाने तसं घोषित केलेलं असावं लागतं. नमुना ६ भरा.

शाळा सोडताना मुलाबरोबर एक पान द्या, फक्त एक. वीस पानी फाईल कुणी वाचत नाही. पुढच्या बाजूला फोटो, तो काय काय स्वतः करतो, कुठल्या कामाला कुठल्या पातळीची मदत लागते ('खू', 'सां', 'दा' तशीच), कशाने बिथरतो आणि बिथरल्यावर नेमकं काय करायचं. मागे गोळ्यांची नावं आणि वेळा, रक्तगट, दोन फोन नंबर, कागदपत्रं कुठे ठेवली आहेत. तीन प्रती: एक घरी, एक कार्यशाळेत किंवा कामावर, एक अशा नातेवाइकाकडे जो त्या घरात राहत नाही. दर वाढदिवसाला नवी प्रत काढून जुनी फाडून टाकायची.